सांध्यातील सुई आणि प्रारब्धाचा भोग

सांध्याचे दुखणे प्रारब्धाचा भोग समजून सोसावे, की सुई घेऊन ते थांबवावे, हा प्रश्न धर्मचर्चेच्या ग्रंथांत या शब्दांत सापडत नाही. अमरावतीच्या राजापेठेसारख्या भागात मात्र, जिथे बडनेरा रस्त्याच्या अंगाने दवाखाने आणि औषधांची दुकाने लागून आहेत आणि अंबादेवी-एकवीरेची देवळेही फार लांब नाहीत, तो नित्याचा आहे. भोग सरल्याशिवाय सुटका नाही असे म्हणत वर्षभर खांदा धरून बसणारी माणसे आणि उद्या कामावर जायचे आहे, एक सुई मारून द्या, अशी घाई करणारी माणसे दवाखान्याच्या एकाच बाकावर बसलेली असतात, आणि कित्येकदा ही दोन्ही बोलणी एकाच माणसाच्या तोंडची असतात. पहिल्या बोलण्यात वेदनेला अर्थ आहे पण तिच्यावर इलाज नाही. दुसऱ्यात इलाज आहे पण वेदनेला अर्थ नाही. भारतीय परंपरांचे मूळ विचार नीट पाहिले तर त्यांनी या सुईला आडकाठी केलेली दिसत नाही. त्यांनी उभा केलेला प्रश्न निराळा आहे, आणि तो सुई घेणाऱ्यापेक्षा त्याच्या अंगमेहनतीवर ज्याचा हिशेब चालतो त्याला अधिक लागू पडतो.

आधी दुखण्याचे स्वरूप पाहणे भाग आहे. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, किंवा नुसती कातडी जिथे हाडाच्या उंचवट्यावरून घसरते, तिथे घर्षण कमी व्हावे म्हणून पातळ अस्तराची आणि किंचित स्निग्ध द्रव असलेली एक चपटी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात, आणि माणसाच्या शरीरात अशा पिशव्या दीडशेच्या आसपास आहेत. सतत दाब, तीच ती हालचाल, मार, संधिवात किंवा जंतुसंसर्ग यांमुळे तिचे अस्तर सुजते आणि आत पाणी साठते, तेव्हा त्या विकाराला बर्सायटिस हे नाव मिळते. सूज खांद्यात असेल तर हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते. कमरेच्या बाहेरच्या उंचवट्यापाशी असेल तर रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. गुडघ्याच्या आतल्या अंगाला, सांध्याच्या जरा खाली असेल तर जिना चढताना आणि खाली बसून उठताना जीव मेटाकुटीला येतो. वऱ्हाडात या सगळ्याला सरसकट वात म्हणण्याची रीत आहे. युरोपातील जुन्या वैद्यकाने गुडघ्यापुढील अशा सुजेचा संबंध फरशा पुसणाऱ्या मोलकरणींशी जोडला आणि तिच्या थोड्या खाली होणाऱ्या सुजेचा संबंध गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या धर्मगुरूंशी. भक्ती कोणती आणि मोलमजुरी कोणती, हे त्या पिशवीला कळत नाही.

या सुजेवर दिल्या जाणाऱ्या सुईत बहुधा दोन औषधे असतात. एक लिग्नोकेन, जे स्वीडनच्या नील्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केले. ते काही मिनिटांत जागा बधिर करते आणि काही तासांत उतरते. दुसरे ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन यांसारखे स्टेरॉइड, म्हणजे मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी जे संप्रेरक तयार करतात त्याच्या धर्तीवर बनवलेले औषध. त्याचा गुण दोन-चार दिवसांनी दिसू लागतो आणि काही आठवडे, क्वचित काही महिने टिकतो. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला एडवर्ड केंडल यांनी वेगळे काढलेले कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली, तेव्हा वैद्यकाला चमत्कार हाती लागल्यासारखे वाटले. १९५० चे नोबेल पारितोषिक या दोघांना आणि टाडेउश राइखस्टाइन यांना मिळाले. त्यानंतर लवकरच, १९५१ मध्ये, फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी याच जातीचे औषध थेट सांध्यात देण्याचे परिणाम प्रसिद्ध केले. चमत्काराची किंमतही पुढे कळत गेली. सुई घेतल्यावर पहिले एक-दोन दिवस ठणका वाढू शकतो, मधुमेह असलेल्याची साखर काही दिवस चढते, टोचल्या जागची कातडी पांढुरकी किंवा पातळ होते, कंडरा कमजोर होऊ शकते, आणि पिशवीत जंतुसंसर्ग असेल तर तिथे स्टेरॉइड देणे घातक ठरते. म्हणून एकाच जागी वर्षातून तीन-चारपेक्षा जास्त सुया देऊ नयेत असा सर्वसाधारण संकेत आहे. गंमत अशी की सुईला भिऊन किंवा तिला अधर्म मानून जे लोक वातावरच्या निनावी पुड्या घेतात, त्यांतल्या बऱ्याच पुड्यांत त्याच जातीचे स्टेरॉइड मिसळलेले निघते, आणि तेही मात्रेचा कोणताही हिशेब न ठेवता.

आता प्रारब्धाचा आक्षेप. कर्मसिद्धान्तात कर्माचे तीन भाग मानतात: अनेक जन्मांत साठलेले ते संचित, आता नव्याने घडते ते क्रियमाण, आणि संचितापैकी ज्याचे फळ या देहात मिळू लागले ते प्रारब्ध. ज्ञानाने संचित जळते, क्रियमाण चिकटत नाही, पण प्रारब्ध मात्र भोगूनच संपते, असे वेदान्ताचे सांगणे आहे. यावरून सामान्य माणूस अनुमान काढतो की सुई घेऊन टाळलेला भोग कुठेतरी शिल्लक राहील आणि व्याजासह परत येईल. हे अनुमान त्या सिद्धान्तातूनच निघत नाही. भोगल्याशिवाय संपत नाही ते प्रारब्ध, अशी व्याख्या एकदा मान्य केली की जी वेदना सुईने थांबली ती तेवढीच भोगायची होती असे म्हणावे लागते; आणि जी प्रारब्धच होती ती सुईने थांबणारच नाही. म्हणजे घडून गेलेल्याचा अर्थ लावण्यासाठी हा सिद्धान्त उपयोगी पडतो, पण उद्या सुई घ्यावी की नाही याविषयी तो एक अवाक्षरही काढू शकत नाही. त्याच्या नावाने इलाज नाकारणारा माणूस प्रारब्ध पाळत नसतो, नवे क्रियमाण करीत असतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात हाच मुद्दा आयुष्याच्या संदर्भात आला आहे. आयुष्य पूर्णपणे ठरलेले असते तर कोणी मंत्र, औषध, व्रत यांच्या वाटेला गेले नसते, आणि उधळलेल्या गुराला किंवा हत्तीला पाहून बाजूला होण्याचेही कारण उरले नसते, असा तिथला रोखठोक युक्तिवाद आहे. दैव म्हणजे मागील देहात केलेले कर्म आणि पुरुषकार म्हणजे या देहात केलेला प्रयत्न. दोहोंपैकी जो बलवान असेल तो दुर्बलाला मागे सारतो, असे तिथे ठरवलेले आहे. दैवाची ताकद किती हे आधी कळण्याची सोय नसल्यामुळे प्रयत्न करून पाहण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही, आणि वैद्याचे सारे शास्त्र या एवढ्या जागेत उभे आहे.

खरा कठीण आक्षेप प्रारब्धाचा नाही, तितिक्षेचा आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या, पण ज्याच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत अशा 'विवेकचूडामणि' या ग्रंथात तितिक्षेची जी व्याख्या आहे तिच्यात केवळ सहन करणे येत नाही. प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सर्व दुःखे सहन करणे येते. प्रतिकार न करणे हा शब्दच तिथे असल्यामुळे त्याला वळसा घालून जाता येत नाही. परंतु ही तितिक्षा मोक्षाची इच्छा करणाऱ्या साधकाच्या सहा गुणसंपत्तींपैकी एक म्हणून सांगितलेली आहे; ती साधकाने स्वतःहून स्वतःपुरती स्वीकारायची आहे. स्वतः पत्करलेली ती तितिक्षा, पण सुनेला, मजुराला किंवा म्हाताऱ्या आईला सांगितलेली तीच गोष्ट हयगय ठरते. दुसऱ्याच्या वेदनेबाबत तितिक्षा हा सद्गुण संभवतच नाही, कारण तिथे सोसणारा एक आणि पुण्य मोजणारा दुसरा असतो. घराघरांत बाईच्या गुडघ्याला वयोमान म्हणायचे आणि कर्त्या पुरुषाच्या खांद्याला मात्र तातडीने डॉक्टर पाहायचा, या रीतीला वेदान्ताचा आधार शोधणे हा वेदान्तावरचा अन्याय आहे.

जैन परंपरेत हा भेद अधिक स्वच्छ आखलेला आहे. सुखदुःखाचा अनुभव देणारे ते वेदनीय कर्म, आणि बांधलेल्या कर्माचा क्षय ती निर्जरा. मुनीने सोसायच्या बावीस परीषहांत, म्हणजे धर्ममार्गावरून न ढळता सहन करायच्या कष्टांत, रोगाचाही समावेश आहे. इतक्या कठोर परंपरेनेही श्रावकाला, म्हणजे गृहस्थाला, जी चार दाने सांगितली त्यांत आहार, ज्ञान आणि अभय यांच्या बरोबरीने औषधदान ठेवले. कारंजा लाडच्या पेठेत किंवा मुक्तागिरीच्या पायऱ्यांवर जो भाविक मुनींच्या सहनशीलतेपुढे हात जोडतो, त्याच भाविकावर शेजारच्याचे दुखणे हलके करण्याचे कर्तव्य त्याच धर्माने टाकलेले आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी आपल्या संदेशात देव आणि धर्म यांची जी रोकड कामे मोजली त्यांत आंधळ्या-पांगळ्यांचा आणि रोग्यांचा औषधोपचार आहे. दुखणे नवसाने फिटेल असे सांगणाऱ्यांची त्यांनी कीर्तनातून जी हजेरी घेतली ती या मुलखाला नवी नाही.

बौद्ध विचाराने तर प्रश्नाची मांडणीच बदलली, आणि बर्सायटिसच्या संदर्भात ती विलक्षण नेमकी बसते. संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की माणसाला होणारी प्रत्येक सुखदुःखाची संवेदना पूर्वकर्मामुळेच होते असे काही जण म्हणतात, ते खरे आहे काय. बुद्ध ते मान्य करीत नाहीत. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, विषमपरिहार, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे ते सांगतात, आणि सगळ्याला पूर्वकर्म म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या व जगाने मान्य केलेल्या गोष्टीच्या पलीकडे धावतात, असा अभिप्राय देतात. विषमपरिहार म्हणजे शरीराची चुकीची, एकांगी वागवणूक: एकाच बाजूवर भार, एकाच हालचालीची हजारदा पुनरावृत्ती, बसण्या-उचलण्याची वेडीवाकडी पद्धत. बर्सायटिसची कारणे सांगताना आजचा अस्थिरोगतज्ज्ञ याहून वेगळे फारसे काही सांगत नाही. त्याच संयुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे: शरीराची वेदना हा पहिला बाण, तिच्यावरून मनाने केलेला आक्रोश हा दुसरा. दुसऱ्या बाणावर ध्यान हा उपाय असला तरी पहिला बाण रुतलेलाच ठेवावा असे तिथे कुठेही सुचवलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माने आजच्या दैन्याचे समर्थन करण्याची रीत झिडकारली, तिचे कारणही हेच होते की त्यामुळे दुःखाच्या चालू कारणांकडे, आणि ती निर्माण करणाऱ्यांकडे, पाहण्याची गरजच संपते.

इस्लाममध्ये प्रश्न येतो तो रमजानमध्ये सुई घेतल्याने रोजा सुटतो का, असा. १९९७ मध्ये जिद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या बैठकीत कातडीत, स्नायूत किंवा शिरेत दिलेल्या आणि पोषण न करणाऱ्या औषधी सुईने रोजा सुटत नाही असे ठरले. शिवाय उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करण्याची मुभा फार जुनी आहे. कॅथलिक चर्चच्या बाजूने पोप बारावे पायस यांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना वेदनाशमन घेणे धर्माला धरून आहे असा निर्वाळा दिला. थोडक्यात, यांपैकी एकही धर्म सुईच्या विरुद्ध उभा राहत नाही.

मग वेदना घालवणे सर्वस्वी निर्दोष आहे काय? याचे उत्तर अमरावतीतच, तपोवनात, सापडते. डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेली ही वसाहत ज्या रोगाशी झुंजली त्या रोगाचे एक वैशिष्ट्य असे की त्यात नसा मरतात आणि हातापायांची वेदना नाहीशी होते. बोटे झडतात ती रोगाने सडून, असा पूर्वी समज होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बहुतेक हानी संवेदना नसल्यामुळे होते. तापलेला तवा चटका देत नाही, चपलेतला खिळा टोचत नाही, जखम झालेल्या पायावर माणूस तसाच चालत राहतो, आणि पाय जातो. ज्यांना दुखत नाही त्यांची ही अवस्था पाहिली की वेदना हा केवळ शाप मानता येत नाही; ती शरीराची राखण आहे. सुजलेल्या पिशवीत दिलेली सुई काही काळापुरती ही राखण उठवते. तेवढ्या अवधीत ज्या कारणाने सूज आली ते कारण दूर झाले तर सुई सार्थकी लागली; त्याच कारणाकडे माणूस अधिक जोमाने परत गेला तर राखण उठवून दार उघडे टाकल्यासारखे झाले.

चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात अग्निवेश आपले गुरू आत्रेय यांना एक अजब वाटणारा प्रश्न करतो: वैद्य कोणत्या काळातील वेदनेवर उपचार करतो, होऊन गेलेल्या, चालू असलेल्या की होणाऱ्या? आत्रेयांचे उत्तर असे की तिन्ही. गेलेले दुखणे परत येते म्हणून त्याचा बंदोबस्त करतात, येऊ घातलेले दुखणे पूर्वरूप ओळखून रोखतात, आणि चालू दुखण्याच्या बाबतीत वैद्य त्याची साखळी तोडतो, कारण हेतू बंद झाला की कार्य आपोआप विरते. या कसोटीवर सुई फक्त मधल्या काळाची आहे. कमरेच्या बाहेरील दुखण्यावर, ज्याला वर्षानुवर्षे बर्सायटिस म्हटले गेले पण ज्यात बरेचदा कंडरेचाच बिघाड असतो, ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांची एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ आठवड्यांनी बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण योग्य हालचालीचे शिक्षण व व्यायाम मिळालेल्यांत सुमारे ७७ टक्के, सुई घेतलेल्यांत ५८ टक्के आणि नुसते वाट पाहणाऱ्यांत २९ टक्के होते. वर्षाअखेर ते अनुक्रमे ७९, ५८ आणि ५२ टक्के झाले. सुईने आजचे दुखणे थांबले, पण वर्षभराच्या हिशेबात ती घेणारा आणि वाट पाहणारा जवळजवळ एकाच ठिकाणी आले. ज्या शहरात १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे त्या शहराला यात आश्चर्य वाटू नये.

चरकाने रोगाच्या मुळाशी प्रज्ञापराध ठेवला आहे. बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळल्यामुळे, हित कशात आहे हे कळूनही, घडलेले चुकीचे कर्म असा त्याचा अर्थ. इथे वऱ्हाडातील प्रत्यक्ष परिस्थिती आड येते. दिवाळीच्या मागेपुढे कापसाची वेचणी सुरू होते, वेचणाऱ्या बायका दिवसभर वाकून बोंडांतून कापूस काढतात, कमरेला बांधलेल्या ओटीत तो भरत जातो, आणि मजुरी किलोवर मिळते. अशा बाईच्या कमरेला किंवा खांद्याला सूज आली तर तिचा प्रज्ञापराध कोणता? विश्रांतीत हित आहे हे तिला कळते, घेता येत नाही. किलोवरच्या मजुरीत सुईचा अर्थही बदलतो: दुखणे थांबलेला हात जास्त कापूस वेचतो, म्हणजे आराम मिळाला तो सांध्याला न मिळता तोलकाट्याला मिळतो. बाजार समितीच्या आवारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाची गोष्ट याहून वेगळी नाही. विषमपरिहार वेचणाऱ्या बाईच्या शरीरात दिसतो, पण तो घडवणारी वागणूक तिची एकटीची नाही, आणि प्रज्ञेचा अपराध असलाच तर तो अशा जागी शोधावा लागतो जिथे हित कळते आणि ते घडवण्याची ऐपतही असते. वारीच्या वाटेवरचा माणूस वेगळा. कौंडण्यपुराहून रुक्मिणीच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाण्यासाठी जो गुडघ्यात सुई घेऊन निघतो, त्याने भार स्वतः पत्करलेला असतो आणि हवे तेव्हा तो वाटेत बसू शकतो. त्याला धोके समजावून सांगितले की डॉक्टरचे कर्तव्य संपते.

चरकाने शारीरस्थानाच्या त्याच पहिल्या अध्यायात नैष्ठिकी, म्हणजे अखेरची चिकित्सा सांगितली आहे. तृष्णा, जी साऱ्या दुःखाचे मूळ, तिच्याविना होणारी ती चिकित्सा. हा मोक्षाचा मार्ग झाला आणि तो प्रत्येकाने आपापला चालायचा आहे. पण दुसऱ्याच्या अंगाला कळ लावणारी तृष्णा जर तिसऱ्याचीच असेल, तर तिच्यावरचा इलाज रुग्णाकडून मागणे निरर्थक आहे.

सुई दिल्यावर त्या सांध्यावर निदान दोन दिवस भार नको, त्यानंतर हळूहळू व्यायाम, असे डॉक्टर सांगतात आणि चिठ्ठीवर लिहूनही देतात. ऐन वेचणीत त्या दोन दिवसांची मजुरी बुडते, म्हणून चिठ्ठीतली तेवढीच ओळ पाळली जात नाही. ती पाळली जावी यासाठी त्या दोन दिवसांची मजुरी शेतमालकाने, आणि हमालाच्या बाबतीत अडत्याने व बाजार समितीने, भरून द्यावी. औषधदानाचे पुण्य ज्यांना हवे आहे त्यांना ते यापेक्षा स्वस्तात मिळणार नाही.